हात दाखय

"हात दाखय," आबा गडग्यापलीकडून म्हणायचे, आणि शाळेत मुलांची नखं तपासणारी मी निमूटपणे दोन्ही तळवे पुढे करायची. तुमच्याही शेजारात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे आपलं वय गळून पडतं.

मिठबावात माझ्या आणि आबांच्या घरामध्ये कमरेएवढा दगडी गडगा आहे. आबांनी उभी हयात आंबोलीच्या घाटात ट्रक चालवले, स्वतःच दुरुस्त केले. पुढे पुढे त्यांचे हात कापत, चहाचा कप हिंदकळे. आंबोलीला दिलेल्या मुलीने त्यांना कायमचं राहायला बोलावलं, तेव्हा ते तयार झाले. अट एकच. ज्या गाडीचे ब्रेक स्वतः पाहिले नाहीत, तिच्यातून ते घाट चढणार नव्हते.

गाडी माझी. खाऱ्या वाऱ्याने मागच्या डिस्क गंजल्या होत्या, पॅड झिजले होते. गॅरेजचं नाव काढलं तर म्हणाले, "त्येचे हात कोणी बघले?" मग काम माझ्याच अंगणात निघालं.

रविवारी सकाळी पुढच्या चाकांना चिरे लावले, हँडब्रेक सोडला, मागची चाकं उतरवली. जुनी डिस्क गंजाने चिकटून बसली होती. आबा खुर्चीवरून सांगत होते, "घाय नको. लाकडान ठोक, सगळीकडसून."

मला कुठे घाई होती? काम संपलं की आबा जाणार होते. मी मुद्दाम हळू ठोकत होते, आणि ते त्यांनाही कळत असावं.

दुपारी जेवून नवी डिस्क उचलायला गेले, तर लगेच, "हात दाखय." बोटांवर तळलेल्या बांगड्याचं तेल होतं.

"ब्रेकाक तेल लागला तर गाडी कोणाचा ऐकाची नाय."

मी साबणाने दोनदा हात धुतले. मग चिडवलं, "आबानू, आता तुमचे दाखवा बघू."

"माझे बघून काय करतलंस?" म्हणत त्यांनी ते पाठीमागे नेले. विचारायला नको होतं.

नवे पॅड बसवल्यावर सुरुवातीला पेडल नुसतंच खाली जातं. ते घट्ट होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. "हात गेले, पाय आसत अजून," म्हणत आबा स्टिअरिंगमागे बसले. डोळे मिटून ते पेडल दाबू लागले. "घाटातलो मोरीचो पूल इलो... सावकाश... आता वळण..." माडांच्या सावल्या काचेवरून सरकत होत्या. गाडी जागची हलली नव्हती, तरी मला वाटलं, आम्ही दोघं धुक्यातून उतरतो आहोत. पेडल केव्हाच घट्ट झालं होतं. आबा घाट उतरतच राहिले, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांना आंबोलीला पोचवलं. मी परत निघताना त्यांनी पहिल्यांदाच आपले थरथरणारे हात पुढे केले. मी ते धरून ठेवले. परतताना घाटात धुकं होतं, आणि प्रत्येक वळणावर गाडी माझं ऐकत होती.

आबा तिकडेच वारले, मुलीच्या घरी.

यंदा पुन्हा पॅड बदलायला घेतले. जेवून आले, हात धुतले, आणि सवयीने गडग्याशी जाऊन दोन्ही तळवे पुढे केले. पलीकडच्या अंगणात माडाची झावळं पडली होती. हात वाळेपर्यंत मी तशीच उभी राहिले.