आम्रपाली सिस्टरची मोठी स्कूटर

आम्रपाली सिस्टर चिडली की बोलत नसे, मुकाट कामाला लागत असे. त्या भाद्रपदात मात्र ती चिखलात उभी राहून भर रस्त्यात नवऱ्यावर ओरडली, आणि तिचं काहीएक चुकलं नव्हतं.

विट्याच्या पूर्वेला उघड्या माळावर माळवाडी आहे. १९९५ साली तिथल्या उपकेंद्रात ती नर्स होती. गावातलं काम पायी व्हायचं; पण मेंढपाळांची पांढरेवस्ती पडली चार कोसांवर. एसटी तिकडं फिरकत नसे. तिच्या नवऱ्याकडं, मिलिंदकडं, मोटारसायकल होती. तो सूतगिरणीत कारकून. सुट्टी असली की बायकोला मागं बसवून वस्तीवर सोडायचा आणि तेवढ्या उपकारावर आठवडाभर तोऱ्यात फिरायचा.

त्या दिवशी लशीचा डबा मागं दोरीनं बांधलेला. आम्रपाली एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हातात पदर, दुसऱ्यात रजिस्टरं. ओढ्याच्या चढाला गाडी उसळली, दोरी सरकली आणि डबा खाली आला. बर्फ चिखलात, बाटल्या चिखलात. तिकडं अकरा लेकरांच्या आया सकाळपासून ताटकळलेल्या. आणि मिलिंद? तो खाली वाकून टाकीला कुठं खरचटलंय का ते बघत होता!

पुढच्या आठवड्यात ती डबा खांद्याला लावून चालत गेली आणि त्रिगुणी लशीचा दुसरा डोस देऊन आली. वस्तीवरच्या हरणाबाईनं तेव्हाच सांगितलं, "बाई, दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन खाली कोकणाकडं निघतो. मग जेठातच माघारी. काय टोचायचं ते त्याच्या आदी टोचा. गेल्या साली माजा नातू डांग्या खोकल्यानं वाटंतच गेला."

तिसरा डोस चुकला तर ती अकरा लेकरं सात-आठ महिने रानोमाळ अर्धवट लशीवर राहणार. आम्रपालीला त्या नातवाचं नाव माहीत होतं. तिच्याच रजिस्टरात होतं, पुढचे रकाने कोरे.

मिरजेला तिचा भाऊ कपिल होता. त्याच्याकडं जुनी मोठी स्कूटर होती, पत्र्याच्या अंगाची, दणकट. उन्हाळ्यात मैदानावर त्यानं तिला शिकवलीही होती. तिनं ती मागून आणली. पहिल्या दिवशी किक मारून मारून पाय दुखले, पण स्कूटर एका बाजूला तिरकी करून, थोडं थांबून, सरळ करून किक मारली की ती बिचारी लगेच बोलायची.

आता मोटारसायकल मर्दाची आणि स्कूटर बायकांची, भटजींची नि मास्तरांची, हे कुणी ठरवलं देव जाणे. माळवाडीच्या चौकात तरी ते पक्कं ठरलेलं होतं. पण जरा कामाच्या नजरेनं बघा की! मोटारसायकलवर चढायचं तर टांग टाकायला हवी, लुगडं-साडीवालीनं काय करायचं? स्कूटरला पुढं मोकळं पायदान. लशीचा डबा दोन पायांच्या मध्ये सरळ उभा राहतो, डोळ्यांसमोर. पुढच्या पत्र्यामुळं चिखल अंगावर येत नाही. रजिस्टरं आणि सुया डिकीत. बाभळीच्या काट्यानं चाक बसलं तर जादा चाक मागं लावलेलं, पान्यानं चार नट काढले की झालं. लहान लुना मोपेडला ते नाही, शिवाय ओढ्याचा चढ म्हटलं की तिला धाप लागते. मोटारसायकलीत आहे काय? आवाज. चौकात चार माणसं वळून बघतात, एवढंच.

मिलिंदला नेमकं तेवढंच हवं होतं. बायको मोठी स्कूटर चालवणार म्हटल्यावर चौकानं त्याला सोडलं नाही. "काय गड्या, आता मागं बसून बाजाराला जाणार व्हय?" तो घरी आला की धुसफुसायचा. "लायसन काढल्याबिगर हात लावायचा न्हाई," म्हणाला. त्यात चूक काहीच नव्हती. आम्रपालीनं विट्याच्या लायसन एजंटाकडनं, नानासोकडनं, फॉर्म आणला, खाली सही केली आणि भरायला नवऱ्याकडं दिला. घरचे सगळे कागद तोच भरायचा. सांगलीला आरटीओत जाऊन रस्त्यावरच्या खुणांची उत्तरं तिनं धडाधड दिली.

दिवाळीला आठ दिवस उरले असताना मिलिंदनं शिकाऊ लायसन आणून हातात ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, विनागिअर. म्हणजे लुना चालवा. स्कूटर नाही.

"नानासोनं घोळ घातला," मिलिंद म्हणाला. "आता ऱ्हाऊ दे. लुनाच बघू."

ती दुसऱ्या दिवशी विट्याला गेली आणि नानासोच्या टेबलासमोर उभी राहून त्याला नको नको ते बोलली. बाई दिसली की बिनगिअर, आं? तुमच्या आईनं, बहिणीनं कवा कामाला जायचंच न्हाई का? नानासोनं सगळं ऐकून घेतलं. मग फाइलीतून तिच्या फॉर्मची नक्कल काढून पुढं सरकवली.

"बाई, हे अक्षर माजं हाय का बघा."

'विनागिअर'. त्यातला 'अ' लांबट, शेपटी वर वळवलेली. आठ वर्षं ती हे अक्षर किराणाच्या यादीत बघत होती.

तिच्या कानशिलातून जाळ निघाला. चौकातल्या चार टवाळांसाठी? अकरा लेकरं एका बाजूला आणि ह्या माणसाचा तोरा दुसऱ्या बाजूला, आणि ह्यानं तोरा निवडला! तिनं तिथंच नवा फॉर्म मागितला आणि एक-एक रकाना स्वतः भरला. नानासो हळूच म्हणाला, "चार दिसांत आणून देतो. पर शिकाऊवर एकटीला चालवता येत न्हाई बरं. पक्कं लायसन असलेला माणूस मागं बसाय लागतो."

"हाय की घरात," ती म्हणाली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नवं शिकाऊ लायसन डिकीत टाकलं, स्कूटरच्या पुढच्या पत्र्यावर लाल रंगानं इंग्रजी एल काढला, डबा पायदानात ठेवला आणि फॉर्मची ती नक्कल मिलिंदच्या पुढं धरली.

"बसा मागं."

"आमू, जरा ऐक..."

"मेंढरं उद्या हलणार हायती. बसा, न्हाईतर हा कागद चौकात वाचून दावते."

तो बसला. वेशीजवळ आल्यावर कानाशी कुजबुजला, "मला हितं उतरव. चौकाच्या पलीकडं चालत येतो."

"लायसनवाला माणूस मागं नसताना चौकातनं गाडी नेऊ व्हय?" असं म्हणून तिनं चौकात मुद्दाम गिअर उतरवला आणि सावकाश गाडी काढली. टपरीवरच्या बाकड्यावरची चारही माणसं वळून बघत राहिली. आम्रपालीला हसू आलं नाही. तिला अजून रागच होता.

वस्तीवर उद्यासाठी बिऱ्हाडं बांधणं चाललं होतं. डबा उघडला, आत एक थेंबही सांडला नव्हता. अकराही लेकरं टोचून झाली; टोचताना त्यांचे पाय मिलिंदनं घट्ट धरून ठेवले. हरणाबाईनं आम्रपालीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकड बोटं मोडली. तेव्हा मात्र सिस्टरचे डोळे भरले.

परतताना ओढ्याजवळ मिलिंद पडक्या आवाजात म्हणाला, "झालं न्हवं तुज्या मनासारखं? संपला आता राग?"

"न्हाई," ती म्हणाली. "पक्क्या लायसनची परीक्षा एक म्हैन्यानं हाय. रोज सकाळी सातला तयार ऱ्हावा."