पहिलं वजन

"बाबू, तुमी जरा बाहेर थांबा," शेठ म्हणाले. "पहिलं वजन दुसऱ्याच्या तोंडून घेऊ."

मी खुर्चीवरून उठलो. केबिनच्या बाहेर आलो. गेटाजवळ सगळ्यांच्या चपला काढलेल्या होत्या, तिथे जाऊन उभा राहिलो. माझ्या खुर्चीवर शेठचा पुतण्या बसला. त्याला मशीनचं कुठलं बटण कशाचं, तेही ठाऊक नव्हतं.

बाभुळगाव रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये मी काटाबाबू होतो. कापसाची गाडी जमिनीत बसवलेल्या लोखंडी काट्यावर उभी राहते, मशीनवर आकडा येतो, तो वाचून पावती द्यायची. एवढंच माझं काम. खरेदी सुरू होते त्या दिवशी मुहूर्त असतो. काट्याला हार घालतात, नारळ फोडतात. पहिल्या गाडीच्या शेतकऱ्याला टॉवेल आणि टोपी. मग पहिलं वजन माइकवरून मोठ्याने पुकारायचं. पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. पुढे दोन, तीन.

तो 'लाभ' माझ्या तोंडून नको होता. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आम्ही गावाच्या कोणत्या टोकाला राहायचो, हे शेठला नेमकं माहीत होतं. पहिल्याच वर्षी ते पुतण्याला म्हणाले, मला ऐकू येईल असं:

"मानूस इमानदार हाय. पन याच्या तोंडानं सुरुवात केली तं सीझन बसून जाईन."

मी दोनपासून मोजायला लागलो. अकरा वर्षं दोनपासून मोजलं.

मी हिशेबी माणूस आहे. अपमानाचाही हिशेब केला. एका मुहूर्ताची पाच मिनिटं. अकरा मुहूर्तांची पंचावन्न. पंचावन्न मिनिटांसाठी दोन मुलींचं शिक्षण अर्ध्यावर सोडायचं का? प्रश्न मीच विचारायचो, उत्तर मीच द्यायचो.

रविवारी चर्चमध्ये आमच्या मंडळीत साक्ष असते. आठवडाभराच्या कामात देव कुठे भेटला, ते उभं राहून सांगायचं. कोणी दवाखान्यातलं सांगतं, कोणी शाळेतलं, कोळशाच्या ट्रकवरचा एक भाऊ वणीच्या रस्त्यातलं सांगतो. मी काट्यावरचं सांगायचो. एकदा वजनाच्या वेळी गाडीवर दोन माणसं बसून राहिली होती. पावती दिल्यावर माझ्या लक्षात आलं. मी गाडी परत बोलावली, माणसं उतरवली, पुन्हा वजन केलं. हे सांगितलं की लोक माना डोलवायचे. पाळक विचारायचे, देवाने तुम्हाला या जगात कशासाठी ठेवलंय? माझं उत्तर तयार असायचं. खरं वजन सांगायला.

गेटाजवळच्या पाच मिनिटांबद्दल मी साक्षीत कधी बोललो नाही.

सुवार्ता आमच्याच मंडळीतली. नवरा वारलेला, सासू अंथरुणावर. मी शेडच्या मुकादमाला सांगून तिला जिनिंगमध्ये लावून दिलं, शेडमधल्या कापसातला कचरा वेचायला. कामावर यायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "दादा, शेडात कुठून जायचं?" मी म्हणालो, "गेटातून आलं की सरळ काट्यावरून जा. समोरच आहे."

रोज सगळे मजूर काट्यावरूनच जातात. पण तो दिवस अकराव्या मुहूर्ताचा होता. मुहूर्ताच्या दिवशी पहिली गाडी चढेपर्यंत काट्यावर कोणी पाय ठेवत नाही. हे मला माहीत होतं. मुहूर्ताचा विचारच नको असायचा, म्हणून सांगायचं राहिलं.

सकाळी मी चपलांजवळ उभा होतो. सुवार्ता गेटातून आत आली. मला पाहून हसली. मला तिथे उभं असलेलं तिने पाहावं, याची लाज वाटली. मी तोंड फिरवलं. नाहीतर तिला हाताने थांबवता आलं असतं. चार पावलांचं अंतर होतं.

ती सरळ काट्यावरून गेली.

आमचा काटा दहा-दहा किलोंनी आकडा दाखवतो. केबिनवरच्या मोठ्या पाटीवर लाल आकडा उमटला. ५०.

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबले. पन्नासेक माणसं त्या आकड्याकडे बघत होती. मागून कोणीतरी म्हणालं, "शेठ, झाली न बोहनी! अर्धा क्विंटल!" लोक हसले. शेठ हसले नाहीत.

"नाव काय तुहं?"

"सुवार्ता."

"हे कायचं नाव होय?" मग त्यांच्या लक्षात आलं. "असं. त्यायच्यातली." ते माझ्याकडे वळले. "बाबू, तुमी गेटावर होते न? वळखीची हाय का तुमच्या?"

मी म्हणालो, "नाही."

सुवार्ताने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग ती खाली बघायला लागली. काट्यावरून जायला कोणी सांगितलं, हे तिने सांगितलं नाही. शेठने दोनदा विचारलं, तरी नाही.

"काटा धू," शेठ म्हणाले. "पुरा धू. अन् मंग घरी जा. उद्या येऊ नको."

काटा चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद. चारशे चौरस फूट लोखंड. तिने बादली आणली, खराटा आणला, धुतलं. पन्नास माणसं उभी राहून बघत होती. मी त्यातलाच एक. नंतर भटजींनी गोमूत्र शिंपडलं. पुतण्याने 'लाभ' पुकारला. शेठने मला हाक मारली. मी खुर्चीवर जाऊन बसलो आणि म्हणालो, "दोन."

त्या रविवारी पाळक म्हणाले, "दादा, काट्यावरचं काही?" मी उभा राहिलो. ओल्या कापसाचं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते आता आठवत नाही. सुवार्ता बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने गाणी म्हटली, प्रार्थना केली. बाहेर पडताना ती माझ्याजवळ थांबली.

"दादा, मी तिथं तुमचं नाव नाही घेतलं. तुमी माहं नाही घेतलं. पन दोन्हीत फरक आहे न?"

उत्तराची वाट न बघता ती गेली. त्यानंतर मंडळीत आली नाही. लोकांच्या शेतात कापूस वेचायला जाते, एवढं कळत होतं.

तो सीझन मी कसा काढला ते मलाच माहीत. गाडी चढायच्या आधी आकडा शून्यावर आहे का, ते बघायचं असतं. मी बघायचो, तर मला पन्नास दिसायचे. डोळे मिटून पुन्हा बघायचो. शून्य. गाडी यायची, जायची. पुन्हा पन्नास. भर दुपारी, आवारात माणसं असताना लोखंडावर खराटा घासल्याचा आवाज यायचा. मी खिडकीतून बघायचो. कोणी नसायचं. मी मेकॅनिकला बोलावलं. त्याने प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासला. म्हणाला, "बाबू, काटा एकदम बराबर हाय. तुमालेच काही झालं का?" जेवायला बसलो की मी मधेच उठायचो. बायको म्हणायची, "काहून हात धून राह्यले घडीघडी? काय लागलं हाताले?"

काही लागलेलं नव्हतं.

मी पुन्हा हिशेब केला. एका सीझनला साधारण चार हजार गाड्या. अकरा सीझनच्या चव्वेचाळीस हजार. तेवढ्यांचं खरं वजन सांगितलं. एका बाईबद्दल विचारलं, तर खोटं बोललो. देव विचारेल तेव्हा मी त्या चव्वेचाळीस हजार पावत्या पुढे करणार होतो. तो त्या बाजूला सारेल आणि एकच विचारेल: ओळखीची होती का?

बारावा मुहूर्त आला. हार, नारळ, सगळं झालं. पहिला टेम्पो काट्यावर उभा.

"बाबू, या बाहेर," शेठ म्हणाले.

"मी इथंच बसतो."

"काय?"

"मागच्या साली ती बाई माह्या सांगण्यावरून आलती. माह्या मंडळीतली आहे. मी तुमाले खोटं सांगतलं."

शेठ दारात आले. आवाज चढवला नाही. "तुमच्यात जातपात नसते म्हनता न? मंग अपमान कोनाचा झाला?"

"तिचा झाला. माहा झाला. धुवायले तुमी लावलं."

पुतण्याने माझा दंड धरला. मी माइक सोडला नाही. मशीनवर आकडा स्थिर झाला होता. मी पुकारलं, "एक. बत्तीसशे चाळीस किलो." माझा आवाज भोंग्यातून सगळ्या आवारात गेला. टेम्पोवाला शेतकरी टोपी हातात घेऊन नुसता बघत राहिला. कोणी हसलं नाही.

दुपारपर्यंत माझा डबा आणि छत्री गेटाबाहेर ठेवलेली होती.

मी तसाच सुवार्ताकडे गेलो. ती अंगणात सासूचे पाय चोळत होती. मी सगळं सांगितलं. तिने हात थांबवले नाहीत.

"बरं वाटलं का तुमाले, दादा?"

तिने सासूचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

"मले त्यानं काय झालं? तुमी नोकरी सोडून माह्यापाशी रडायले आले. लिहून द्या. सही करून द्या, का तुमी पाह्यलं. माह्याकडून बोलनारा एकबी नाही."

मी लिहून दिलं. आम्ही दोघं पोलीस स्टेशनला गेलो. हवालदाराने अर्ज वाचला, कागद उलटसुलट केले. म्हणाला, "ख्रिश्चन लिहिलं आहे. मग अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यात हे बसत नाही." आमचे आजे कुठल्या टोकाला राहायचे ते शेठला माहीत आहे, गावाला माहीत आहे. फक्त कागदाला माहीत नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब नव्हते. अर्ज परत मिळाला.

रविवारी मंडळीत मी उभा राहून हे सगळं सांगितलं. या वेळी कोणी मान डोलवली नाही. एक वडीलधारे म्हणाले, प्रार्थना करा, विसरा. मी म्हणालो, प्रार्थना करतो, विसरणार नाही.

आता तिसरा अर्ज लिहितो आहे. पहिल्या दोन अर्जांत मी शेठपासून सुरुवात केली होती आणि माझं खोटं शेवटी एका ओळीत आटोपलं होतं. सुवार्ताने ते बोट ठेवून दाखवलं. या वेळी पहिलं वाक्य असं आहे: मला विचारलं तेव्हा मी या बाईला ओळखत नाही असं सांगितलं, आणि ते खोटं होतं. त्याखाली शेठ काय बोलले ते, शब्द न बदलता. त्याखाली चारशे चौरस फूट. त्याखाली दोघांच्या सह्या.

हाही परत आला तर चौथा लिहीन. सुरुवात बदलणार नाही.