जपानहून आलेली पेटी

माझी नात मीनल हल्लीच्या जपानी चित्रकारांची प्रदर्शनं मांडते. परवा तिच्या दालनात जपानहून एक लाकडी पेटी आली, आणि ही ती उघडेना.

"अगं, उघड की! मुहूर्त बघतेस काय?" मी म्हटलं.

"आजी, चित्राला आधी इथली हवा मानवू दे. घाई केली तर रंगाला तडे जातात. उद्या उघडू."

तिच्या दालनाचे साहेब ओरडले, "आत्ता उघड, नाहीतर दुसरं माणूस बघतो!" ही ढिम्म हलली नाही.

मी लग्न होऊन आले त्याच संध्याकाळी मला चुलीपुढे बसवलं. पुढे हिच्या आईलाही मी तसंच बसवलं. नव्याने आलेल्यासाठी थांबायचं असतं, हे आमच्या घरात हिलाच सुचलं.

काल पेटी उघडली. चित्रातलं मला काही कळलं नाही, पण तडा एकही नव्हता.