सीटवरचं प्लास्टिक

वस्तू जपण्यात माझ्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात झाला नाही आणि होणारही नाही. वस्तू वापरली की जुनी होते आणि जुनी झाली की बिघडते, हा त्यांचा सिद्धांत. म्हणून आणलेली वस्तू ते वापरतच नसत. मनगटी घड्याळाच्या काचेवरचा कंपनीचा पातळ पापुद्रा त्यांनी सात वर्षं काढला नव्हता. वेळ विचारली की घड्याळ उन्हाकडे तिरपं धरून अंदाजे सांगत. मिक्सर खोक्यात, खोकं पिशवीत, पिशवी कपाटात, आणि त्यांची बायको सुमन, म्हणजे माझी धाकटी मेव्हणी, रोज पाट्यावर चटणी वाटायची. पाऊस आला तर हे नवी छत्री शर्टाच्या आत घालून भिजत घरी येत. अर्थात पारनेरात पाऊस तो असा कितीसा! तहसील कचेरीत पाऊस मोजून लिहायचं काम यांच्याकडेच होतं, त्यामुळे वर्षातले नऊ-दहा महिने त्यांना काळजी करायला भरपूर सवड मिळे. स्कूटर घेतली तर सीटवरचं प्लास्टिक तसंच ठेवलं. चैत्रात ते असं तापायचं की सुमन टॉवेलाची चौपदरी घडी घालून बसायची, आणि वाटेत टॉवेल सरकला की एवढ्या जोरात ओरडायची की पुढचा ट्रकवालासुद्धा गाडी बाजूला घ्यायचा.

अशा माणसाने स्वतःच्या शरीरात एक नवी कोरी वस्तू बसवून घेतली, आणि तिथून आम्हा सगळ्यांच्या जिवाला घोर लागला.

त्याचं असं झालं. साडूंना चाळिशीच्या आतच साखर लागली, आणि पाच-सहा वर्षांत त्या साखरेने नवरा-बायकोतली एक गोष्ट बंद पाडली. हे कुणाला काही बोलले नाहीत. आतल्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणून बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, ते दोन वर्षं तिथेच. मग नव्वदनंतरच्या कुठल्याशा वर्षी एका दुपारी ते नगरला माझ्या ऑफिसात आले, बिनसाखरेचा चहा दोनदा प्यायले, आणि टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले, "साडूभाऊ, पुण्याला येता का बरोबर? सुमन काही बोलत नाही हो. बोलली असती तर बरं झालं असतं."

पुण्याच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. ऑपरेशन करून लिंगात दोन लवचीक कांड्या बसवायच्या. हव्या तेव्हा वर वळवायच्या, एरवी खाली. एकदा बसवल्या की बसवल्या. मला वाटलं, हे आता पिशवी उचलून स्टँडवर जाणार. पण ज्याने कधी छत्री उघडली नाही तो माणूस मान खाली घालून 'करा' म्हणाला. मी त्यांची कितीही टिंगल केली तरी त्या दिवसापासून माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे, तो आहेच. डॉक्टरांनी पुढे विचारलं, "काही शंका?" त्यावर यांनी विचारलं, "गॅरंटी किती वर्षांची?" डॉक्टर हसले. "तुम्ही आहात तोवर टिकेल." परतताना एसटीत शिरूर येईपर्यंत साडू बोटांवर काहीतरी मोजत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे किती वर्षं, ते नाही सांगितलं त्यांनी."

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा आठवडे पाच किलोच्या वर उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, सायकल-स्कूटर नाही, व्यायाम नाही. चालायचं मात्र रोज. आज थोडं, उद्या थोडं जास्त. इतकं साधं सांगणं, पण ते साडूंच्या डोक्यात शिरलं आणि आत जाऊन व्यालं. घरी येताच त्यांनी रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा काटा आणला आणि तो खिशात घालूनच ते फिरू लागले. भाजीची पिशवी, फायलींचा गठ्ठा, देवळातला नारळ, जे हातात घ्यायचं ते आधी हुकाला लागे. शेजारी बारसं होतं. पोराच्या आईने कौतुकाने बाळ यांच्याकडे दिलं, तर हे दोन पावलं मागे सरून म्हणाले, "किती किलोचं आहे?" ती बिचारी फुशारकीने म्हणाली, "जलमलं तवाच सव्वातीन हुतं!" "ते झालं, पण आत्ता किती?" असं म्हणून यांनी खिशातून हूक काढला. त्या बाईने बाळ ओढून घेतलं ते पुढे वर्षभर यांच्या दृष्टीला पडू दिलं नाही.

सूर्यनमस्कारांची त्यांना जुनी सवय. ते बंद, हे त्यांना सोसेना. मला एसटीडी बूथवरून फोन केला. बूथवाला ऐकतो म्हणून ऑपरेशनचा उल्लेख ते 'पुण्याची वस्तू' असा करत. "पुण्याची वस्तू ठीक आहे. पण डॉक्टरांना विचारा, पहिलं आसन तेवढं चालेल का? हात जोडून उभं राहण्याचं?" डॉक्टर चालेल म्हणाले. मग सहा आठवडे साडू रोज सकाळी गच्चीवर सूर्याकडे तोंड करून हात जोडून नुसते उभे राहत, बारा वेळा. आळीतल्या बायका पोरांना दाखवत, "बघा, दुखण्यातनं उठला पर देवाला इसरला न्हाई." उकिडवं बसायचं नाही म्हणून संडासासाठी एका खुर्चीला भोक पाडून घेतलं. खुर्ची मात्र माझ्या घरची नेली, कारण त्यांच्या खुर्च्या नव्या होत्या.

गावात सांगितलं होतं, हर्नियाचं ऑपरेशन. तर शेजारचे पेन्शनीत निघालेले तलाठी भाऊबंद भेटल्यासारखे धावत आले. "माझंबी झालंय! टाकं दावा, मी बी दावतो," म्हणत त्यांनी ओट्यावरच धोतराला हात घातला. साडूंनी दार लावून घेतलं आणि आतून ओरडले, "डॉक्टरांनी हवा लागू द्यायची नाही म्हणून सांगितलंय!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण पाण्याच्या बाबतीत हसू येईना. टँकर आला की त्या आळीत हंड्याला हात लावणारा एकच पुरुष, तो म्हणजे माझे साडू. दोन खांद्यांवर दोन हंडे घेऊन ते यायचे आणि बायका सुमनच्या नशिबाचा हेवा करायच्या. आता सुमन हंडे वाहत होती आणि हे शेजारून पाच लिटरचा कॅन घेऊन चालत, तोही साडेचार लिटरच भरलेला, कारण कॅनचं स्वतःचं वजन निराळं. सहा आठवडे संपले. मी त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले, "उत्तम. आता सगळं करा. पळा, उचला, स्कूटर चालवा, संसार करा." साडूंनी मान डोलावली, घरी आले आणि कॅन घेऊन टँकरवर गेले.

असे चार महिने गेले. झोप बाहेरच्याच खोलीत. स्कूटर हाताने ढकलत कचेरीत नेत आणि ढकलत आणत. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलले, "मोडली तर? पुन्हा तसंच झालं तर? आत्ता निदान चालू आहे असं तरी म्हणता येतं, साडूभाऊ." सुमन आमच्या हिच्यापाशी एवढंच म्हणाली, "यंत्र आणलं आन देव्हाऱ्यात ठिवलं, ताई. मला यंत्र नगं हुतं. मला मानूस आत यायला पायजे हुता." मग ती कुरडया-पापड करायला म्हणून सोनईला माहेरी गेली. कुरडया वाळल्या, डब्यात गेल्या, तरी ती परत येईना. सासूबाईंचा निरोप आला की पोरगी चुलीपुढे नुसती बसून राहते. आमच्या घरात दोघांच्या काळजीने जेवण उतरेना. सोनईला कुणी जायचं आणि जाऊन बोलायचं तरी काय!

अशात एका संध्याकाळी फोन आला. साडूंचा आवाज कापत होता. मला वाटलं, मोडली!

"साडूभाऊ, मिक्सर गेला."

सुमन नाही, पाट्यावर वाटायला जमेना, म्हणून यांनी हिय्या करून कपाटातून पिशवी, पिशवीतून खोकं, खोक्यातून मिक्सर काढला होता. बटण दाबलं, तर हूं नाही की चूं नाही. तसाच उचलून बाजारपेठेतल्या रिपेरीवाल्याकडे नेला. त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, "आतून जाम झालाय सायेब. वायर उंदरानी खाल्ली. वापरीत न्हाई तुमी, म्हनून बिघाडला."

"एकदासुद्धा वापरला नव्हता हो," साडू फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते. "एकदासुद्धा नाही." मागून बूथवाल्याने म्हटलेलं मला ऐकू आलं, "जाऊ द्या, नवा घ्या," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात स्कूटर उभी. साडू पारनेरहून चालवत आले होते, घामाने निथळत. "सोनईला चाललोय. मागे बसा. मला एकट्याला भीती वाटते." त्या प्लास्टिकवर मी नगर ते सोनई कसा बसलो ते माझं मला माहीत. पहिल्या तीन-चार खड्ड्यांना ते खाली उतरले आणि स्कूटर ढकलत पलीकडे नेली. पुढे खड्डे इतके झाले की उतरणं परवडेना. मग ते देवाचं नाव घेत खड्ड्यातून जाऊ लागले, आणि प्रत्येक खड्ड्यानंतर मान वळवून मला विचारू लागले, "काही आवाज आला का?"

सुमन दारातच तांदूळ निवडत होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, स्कूटरकडे बघितलं, परत नवऱ्याकडे बघितलं. "चालवत आला?"

"हो."

"पारनेरपासून?"

"हो. सुमन, मिक्सर गेला." आणि आमचे साडू, तहसील कचेरीतले जबाबदार लिपिक, सासूच्या अंगणात लहान मुलासारखे रडायला लागले. सासूबाईंना वाटलं, मिक्सर फारच महागाचा असणार. त्या समजूत घालू लागल्या. सुमन उठली. सूप खाली ठेवलं, स्कूटरपाशी आली आणि सीटच्या प्लास्टिकवर तळहात ठेवून लगेच मागे घेतला. "यावर मी न्हाई बसायची. आधी हे काढा."

साडू डोळे पुसत सीटकडे बघत राहिले. मग त्यांनी प्लास्टिकच्या कडेला बोट घातलं आणि ओढलं. अर्धं निघालं, अर्धं उन्हाने चिकटून बसलं होतं. ते सुमनने नखांनी खरवडून काढलं. दोघं बराच वेळ खाली मान घालून ते काम करत होती. सासूबाईंनी बाजरीचं पोतं आणून ठेवलं. चांगली वीस किलो असेल. साडूंनी ते उचलून पायाशी ठेवलं. काटा त्यांच्या खिशातच होता, मी नीट बघितलं. मग सुमन मागे बसली, टॉवेलाशिवाय, आणि दोघं निघून गेली. मला नगरहून खड्ड्याखड्ड्यातून आणलं होतं, याची दोघांनाही आठवण राहिली नाही. मी एसटीने परत आलो, उभ्याने. पण इतक्या आनंदाने उभा मी एसटीत पुन्हा कधी राहिलो नाही.

त्या उन्हाळ्यात आतल्या खोलीतला पंखा दुरुस्त झाल्याचं हिच्याकडून कळलं. त्यावर आम्ही दोघांनी पेढे खाल्ले.

साडूंना जाऊन आता चार वर्षं होतील. साखरेनेच नेलं शेवटी. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वस्तू टिकली, माणूस गेला. परवा पारनेरला गेलो होतो. सुमनने मिक्सरवर वाटलेली चटणी वाढली; मागून घेतलेल्या त्या मिक्सरचं झाकण दोन ठिकाणी फुटलेलं. अंगणात स्कूटर उभी होती. सीट मधोमध उसवलेली, आतला पिवळा फोम वर आलेला. मी म्हणालो, "सुमन, नगरला चांगलं सीट-कव्हर मिळतं. येताना घेऊन येऊ का?"

तिने सीटवरून हात फिरवला आणि बाहेर आलेला फोम बोटाने आत सारला.

"नगं दाजी," ती म्हणाली. "वापरून फाटलंय. ऱ्हाऊ द्या तसंच."