जहाजावरून आलेला डबा

आमच्या बंदरासमोर खोल पाण्यात एक तेलाचं जहाज महिनाभर उभं आहे. बड्या देशांनी त्या तेलावर बंदी घातली, म्हणून ते कुणी उतरवून घेत नाही. भांडण त्यांचं, आणि डिझेल महागलं आमच्या होड्यांचं.

तरी शेजारच्या काकूंनी काल मासेमारीला निघालेल्या नवऱ्याच्या हाती कालवणाचा डबा दिला. "त्या खलाशांना द्या. घरापासून लांब अडकलेत बिचारे."

आज डबा परत आला. आत मूठभर खजूर होता.

काकू हसल्या. "त्यांच्यातही रिकामं भांडं परत देत नाहीत म्हणायचं."

अशा माणसांना एकमेकांचे वैरी करून ठेवणं कुणाला फार काळ जमेल, असं मला वाटत नाही. काकूंनी डबा घासला आणि उद्याच्या कालवणासाठी नारळ फोडला.