चौकट तीच

यशश्री मॅडम म्हणाल्या, "यादवराव, शिखरे साहेब एकतीस तारखेला रिटायर होताहेत. नव्या पत्रकासाठी त्यांच्यावर पानभर लिहा. त्यांना तुमच्याइतकं जुनं ओळखणारं कोणी नाही." मी विचारलं, "खरं लिहू का चौकटीतलं लिहू?" त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी नेहमीसारखी गंमत करतोय.

चौकटीतलं म्हणजे, "मनमिळाऊ, कष्टाळू आणि वक्तशीर असे आमचे सहकारी..." पुढे नाव टाका, झालं. अकरा वर्षांत आमच्या कंपनीतून गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ, कष्टाळू आणि वक्तशीर होता. पेंट शॉपमधला एक गडी जन्मात कधी वेळेवर आला नाही, तोही जाताना वक्तशीर होऊन गेला. ही चौकट उपेंद्र शिखरे यांनी बांधली. आता त्यांच्याबद्दल लिहायचं तर योगेश भोयेबद्दल लिहिल्याशिवाय माझी सुटका नाही. योगेश जुलैमध्ये टाकीत गुदमरून मेला. सोमवारी चौकशीचा कागद पक्का होतोय, आणि त्यात लिहिलंय की योगेशनं सूचना पाळली नाही. हे खोटं आहे. खोटं आहे हे कंपनीत एकट्या मला माहीत आहे.

शिखरे मूळचे त्र्यंबकचे. घरात पिढीजात भिक्षुकी. यजमान यायचे, वडील विधी करायचे, भाऊ अजून करतो. हे मात्र बी.कॉम. होऊन अंबडला आमच्या कंपनीत लागले. अकरा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी त्यांच्या गळ्यात कंपनीचं पत्रक घातलं. दर महिन्याच्या एक तारखेला सगळ्यांच्या ईमेलवर जाणार: वाढदिवस, बढत्या, निवृत्ती, श्रद्धांजली, आणि खाली पिवळ्या चौकटीत 'सुरक्षा कोपरा', शेजारी हेल्मेट घातलेल्या माणसाचं चित्र. शिखरे काय करायचे, मागच्या महिन्याचं पत्रक उघडायचे आणि नुसती नावं बदलायचे. एकदा बदलायचं विसरले, तर कँटीनची सिंधुबाई लागोपाठ दोन महिने रिटायर झाली. तिनं भर जेवणाच्या सुट्टीत त्यांना धरलं. "साहेब, पुढच्या महिन्यात श्रद्धांजलीत घालू नका म्हणजे झालं!"

पण माणूस कामचुकार नव्हता, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. अकरा वर्षांत एक तारीख चुकली नाही. स्वतःची आई गेली त्या महिन्यातही पत्रक एक तारखेलाच आलं.

यशश्री मॅडम दोन वर्षांपूर्वी पत्रकाच्या कामात शिखरेंच्या जोडीला आल्या. त्यांनी कॉम्प्युटरवर काढून दाखवलं, की पत्रक चारशे बारा जणांना जातं, उघडतात एकसष्ट, आणि उघडणारा नऊ सेकंदांत बंद करतो. "सर, याचं रूप आता बदलायला हवं. लोकांना हे दिसेनासं झालंय." मी तिथेच उभा होतो. शिखरे शांतपणे म्हणाले, "मॅडम, संकल्पात शब्द हलवत नाहीत. तिथी, नाव, गोत्र, एवढंच बदलायचं. आमचे वडील पन्नास वर्षं तेच म्हणाले, कोणाचं काही अडलं नाही."

मॅडम म्हणाल्या, "देवळाबाहेर 'येथे चपला काढू नयेत' अशी पाटी असते. सगळ्या चपला तिच्याच खाली असतात ना, सर?"

मी खो खो हसलो. शिखरेही हसले. आणि ये रे माझ्या मागल्या! पुढचं पत्रक तसंच आलं. मला आज त्या हसण्याची लाज वाटते. बाई जीव तोडून सांगत होती आणि आम्ही दोन म्हातारे दात काढत होतो.

आता टाकीचं सांगतो. माझ्या खात्यात लोखंडी भाग धुवायची टाकी आहे, पुरुषभर खोल. तीन महिन्यांनी ती रिकामी करून माणूस आत उतरतो आणि तळाचा गाळ खरवडतो. सुरक्षा कोपऱ्यात वर्षानुवर्षं एकच वाक्य होतं, "टाकीत उतरण्यापूर्वी झाकण अर्धा तास उघडे ठेवावे." जूनमध्ये कंपनीनं धुवायचं द्रावण बदललं. नव्याची वाफ जड, ती तळाला बसून राहते. मला कोणी बोलावून सांगितलं नाही. ट्रेनिंगच्या नावानं तर बोंबच. वरून शिखरेंना निरोप गेला, "पत्रकात टाका." शिखरेंनी टाकलं. तीच पिवळी चौकट, तेच चित्र, तेच वाक्य. फक्त 'अर्धा तास' पुसून 'चार तास' केलं, आणि शेवटी 'पंखा लावूनच' हे दोन शब्द जोडले.

कामगारांना कंपनीचा ईमेल नसतो. म्हणून सुपरवायझरनं सुरक्षेचं पान छापायचं, खाली सही करायची आणि खात्यातल्या बोर्डावर लावायचं. सुपरवायझर मी. एक जुलैला मी पत्रक उघडलं, वाढदिवसांवर नजर टाकली, पिवळी चौकट दिसली. स्टोअरची मोहिनी शेजारीच होती. तिनं विचारलं, "प्रिंट काढू का?"

मी म्हटलं, "तेच ते आहे गं. बोर्डावर लागलंय की. कागद कशाला फुकट घालवायचा?"

योगेश चाळिशीचा, आमच्याच पेठ तालुक्यातला. चौथी शिकलेला. पण कोणतंही काम हाती घेण्याआधी बोर्डापाशी जाऊन बोट ठेवून वाचायचा. पोरं चिडवायची, "झाली का पोथी वाचून?" तो म्हणायचा, "असू दे. लिवलंय तर वाचाय पायजे." नऊ जुलैला पहिल्या पाळीत टाकीचं काम निघालं. त्यानं झाकण काढलं, बोर्ड वाचला, आणि बाहेर पालथ्या बादलीवर घड्याळाकडे बघत बसला. मी जाता जाता म्हटलं, "काय, मुहूर्त बघतोस का?" तर म्हणाला, "अर्धा तास झाला. पाच मिनटं जास्त जाऊ देतो." पस्तीस मिनिटांनी तो आत उतरला.

वर काढला तेव्हा संपलं होतं.

त्याला दवाखान्यात न्यायला सगळे गाडीपाशी धावले. मी केबिनमध्ये गेलो आणि पत्रक पुन्हा उघडलं. चार तास. दहा वेळा वाचलं, दहाही वेळा चार तास. मग बोर्डापाशी गेलो, जुनं पान टाचणीसकट उपटलं आणि घडी करून खिशात घातलं. का ते विचारू नका. भ्यालो. दुसऱ्या दिवशी त्या जागी हातभर लाल पाटी लागली. बैल गेला अन् झोपा केला!

चौकशीत मोठ्या साहेबांनी शिखरेंना विचारलं, "सूचना पत्रकात होती की नव्हती?"

"होती. पण साहेब, मी चौकट बदलली नाही. अकरा वर्षांचं तेच वाक्य, त्यात मधलेच शब्द बदलले. कोणाच्या लक्षात येणार?"

"होती की नव्हती, एवढंच सांगा."

"होती."

तेवढंच लिहून घेतलं. मग मला विचारलं, "बोर्डावर सुरक्षेचं पान होतं?" मी म्हटलं, "होतं." पुढे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमच्या दोघांच्या दोन शब्दांत मेलेला माणूस दोषी ठरला.

तेराव्याला आम्ही दोघं योगेशच्या गावी गेलो. त्याची आई तानुबाई ओट्यावर बसली होती. तिला कोणीतरी चौकशीचं सांगितलेलं. ती म्हणाली, "साहेब, माझा योगेश लय सावध. वाचल्याबिगर काय करायचा नाय. मंग तुमचा कागद त्याला दिसला कसा नाय?"

शिखरे खाली बसले. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. "आई, दिसेल असा मी लिहिलाच नाही. चूक माझी आहे."

मी जमिनीकडे बघत उभा राहिलो. ते जुनं पान त्या वेळी माझ्या खिशात होतं.

परत येताना पेठ मागे पडल्यावर शिखरे म्हणाले, "यादवराव, बाबा संकल्प सांगायचे तेव्हा यजमान समोर बसलेला असायचा, हातात पाणी घेऊन. त्याला कळलं नाही तर बाबा थांबायचे, पुन्हा सांगायचे. मी तेवढे शब्दच घेतले बघा. समोर कोणी बसलंय का, ते अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही." मग त्यांना रडू आलं. साठीचा माणूस, रुमाल तोंडात धरून रडत होता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. खरं सांगायला तेवढाच एक क्षण पुरला असता, तोही मी घालवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मॅडमना सांगितलं, "सगळं मोडा. पाहिजे तसं नवं करा." तेव्हापासून ते कोणाशी फारसं बोलत नाहीत. डबा उघडतात आणि तसाच झाकून घरी नेतात. योगेशला आपणच मारलं असं ते धरून बसलेत, आणि एकतीस तारखेला हेच घेऊन घरी जाणार आहेत.

यशश्री मॅडम, या लेखासोबत ते पान देतोय. वर मागच्या वर्षीची तारीख आहे, 'अर्धा तास' असं स्वच्छ लिहिलंय, आणि खाली माझी सही आहे. सोमवारच्या आत मोठ्या साहेबांपुढे ठेवा. तानुबाईकडे मी स्वतः जाईन. पत्रकात छापायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण छापलंत तर शिखरे साहेबांना मनमिळाऊ करू नका. चूक त्यांची होती, ती त्यांनी त्या माऊलीच्या तोंडावर कबूल केली, एवढं लिहा.

आणि योगेशचं नीट लिहा. त्यानं सूचना वाचली होती, बोट ठेवून वाचली होती, वर पाच मिनिटं जास्त थांबला होता. बोर्डावरचं पान मी बदललं नव्हतं.