पदराला लावलेला माईक

आमच्या पॉडकास्टचे एपिसोड झाले तेहतीस, आणि एपिसोडमध्ये न आलेले किस्से त्याहून जास्त. वैशाली आणि मी सांगलीत, माझ्याच बेडरूममध्ये, भिंतीला गाद्या टेकवून राजकारण-समाजकारणावरच्या गप्पा रेकॉर्ड करतो. आवाज तिच्याकडे, प्रश्न माझ्याकडे. 'आपल्याला जमतंय का हे?' ही शंकाही माझ्याकडेच.

माझा हट्ट एकच होता. एक तरी सरपंचबाई स्वतः बोलली पाहिजे, तिच्या वतीने नवरा नको. एका एपिसोडच्या शेवटी उत्साहाच्या भरात मी तसं जाहीर करून बसले. झालं! ऐकणारे विचारू लागले, "बाई कधी बोलणार?"

*

पहिला फोन लावला रहिमतपूरकडच्या एका सरपंचबाईंना. उचलला पुरुषाने. म्हटलं, सरपंचांशी बोलायचंय.

"बोलतोय."

*

मग म्हटलं, तोवर पुढारी घेऊ. शिराळ्याकडचे एक आले. आल्या आल्या चौकशी, विरोधकाला किती मिनिटं दिली होती? बावन्न. "मग मला त्रेपन्न."

एकावन्नाव्या मिनिटाला त्यांचं सगळं बोलून झालं. मी आभार मानायला लागले, तर हाताने थांबवलं.

"बोलायचं संपलंय. पण वेळ माझा हाय."

दोन मिनिटं आम्ही तिघं गप्प बसलो.

*

एक माजी सभापती प्रत्येक खऱ्या वाक्यानंतर म्हणायचे, "हे कापा बरं का." वैशालीने इमानदारीत कापलं. उरलं काय? त्यांचं नाव, गावाचं नाव आणि 'चहा चांगला झालाय'.

तेवढंच त्यांना ऐकायला पाठवलं. खूश होऊन फोन केला, "लय मुद्देसूद बोललोय की मी!"

*

हे सगळं इरा दाराआडून ऐकत असते. वय वर्षं तीन. बालवाडीत भिंतीवर खडूने कुणी रेघोट्या मारल्या, असं बाईंनी विचारलं. हातात खडू असलेली माझी लेक म्हणाली, "विरोधकांनी."

मला बोलावणं आलं. आपण मूल बिघडवतोय, याचा आता लेखी पुरावा मिळणार, अशा तयारीने मी गेले. बाईंनी खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "घरात कुणी उभं राहतंय का?"

*

शेवटी कृष्णाकाठच्या एका गावच्या सरपंचबाई तयार झाल्या. अट एकच, सोबत 'आमचे हे' बसणार. बसतील फक्त ना, असं विचारलं, तर नुसत्या हसल्या.

नेमकी त्या दिवशी वैशाली लग्नाला गेलेली आणि इराच्या अंगात कणकण. सासूबाईंना फोनवर औषधाचा चमचा समजावत मी एक माईक यजमानांच्या कॉलरला लावला, दुसरा बाईंच्या पदराला. दोन माईक, दोन वेगळी रेकॉर्डिंग.

पहिला प्रश्न बाईंना, उत्तर यजमानांचं. दुसरा बाईंना, उत्तर यजमानांचं. अशी चाळीस मिनिटं! बाई मान खाली घालून अधूनमधून काहीतरी पुटपुटत होत्या. मी चेहरा हसरा ठेवून बसले होते आणि मनात लोकांना काय सांगायचं ते जुळवत होते.

घरी येऊन हेडफोन लावला, तेव्हा कळलं. यजमानांचा माईक मी चालूच केला नव्हता. त्यांचा आवाज आला होता तो बाईंच्या माईकमधून, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू यावा तसा. आणि त्याच्यावर, अगदी कानाशी, बाई.

लांबून ते, "पाण्याची टाकी पूर्ण केली."

जवळून त्या, "खड्डा खणलाय नुसता."

लांबून ते, "मीटिंगला महिलांना मानाचं स्थान."

जवळून त्या, "रजिस्टर घरी येतंय सहीला."

शेवटपर्यंत हेच. वैशालीने दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "हाच एपिसोड." मला मात्र त्यांच्या घरात काय होईल याची धास्ती. फोन केला. उचलला बाईंनीच. चूक कबूल केली, माफी मागितली, म्हटलं, पुसून टाकते, पुन्हा रेकॉर्ड करू.

"ऱ्हाऊ द्या की तसंच."

"अहो, पण त्यांचा माईक बंद होता."

"ठावं हाय मला. त्यांच्याकडचा दिवा लागलाच न्हवता."

"मग तेव्हाच सांगायचं ना!"

"आवं ताई, ते बोलत हुते. मधी कसं बोलायचं?"